ठोकून पळालेली गाडी: नंबर नसेल तर पुढे काय करायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. पोलीस, विमा, कोर्ट यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वाट दाखवा.

रविवारी संध्याकाळी महामार्गावर टोलनाका ओलांडून थोडं पुढे आलो होतो. एका पांढऱ्या पिकअपने डावीकडून घुसून आमचा मागचा दरवाजा आणि चाकावरचा पत्रा खरवडत नेला. आमची गाडी दुभाजकाला जाऊन टेकली. तो क्षणभर हळू झाला, मग सुसाट निघून गेला. मागे सासूबाई बसल्या होत्या, त्यांचं मनगट मोडलंय. नवऱ्याला आणि मला किरकोळ खरचटलंय. नंबरातले शेवटचे दोन आकडे मला दिसले, बाकीच्या पाटीवर चिखल होता. आमच्याकडे डॅशकॅम नाही.

ठाण्यात गेलो तर म्हणाले, "नंबरच नाही तर गुन्हा कोणावर नोंदवायचा? अर्ज देऊन जा, विम्याला तेवढा पुरतो." अर्ज दिला, आवक शिक्का मिळाला. आता प्रश्न असा की गाडी दुरुस्तीला टाकू का? दवाखान्याचा खर्च कुणाकडून मिळतो का? घरात सगळ्यांचं एकच: जीव वाचला ना, सोडून द्या.

---

तिरफळ

बापरे. काळजी घ्या, आजींना लवकर बरं वाटो.

बाकी सांगायचं तर, असले लोक सापडत नाहीत. आमच्या मित्राच्या बाबतीत वर्ष गेलं, काही निष्पन्न नाही. विम्यातून गाडी करून घ्या आणि विषय संपवा.

---

बाराखडी

तिरफळ, तो सापडला नाही तरी पैसे मिळू शकतात, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. (वकिली करते, मोटार अपघाताचे दावे चालवते.)

रानजाई, आवक शिक्का मारलेला अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. नंबर माहीत नसताना गुन्हा "अज्ञात वाहनचालकाविरुद्ध" नोंदवतात. राज्यभरात रोज असे गुन्हे नोंदले जातात. तुमच्या प्रकरणात हाड मोडलंय, म्हणजे कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५(ब), मोटार वाहन कायद्याचं १८४, आणि न थांबता, खबर न देता पळाला म्हणून १३४ सह १८७. यातली संहितेची दोन्ही कलमं दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना नोंद करणं ऐच्छिक नाही.

उद्या परत जा. लेखी फिर्याद दोन प्रतींत न्या. वेळ, ठिकाण (किलोमीटरचा दगड असेल तर त्याचा आकडा), वाहनाचा प्रकार, रंग, दिसलेले दोन आकडे, कोणत्या दिशेने पळाला, कोण जखमी, कुठे उपचार. "साहेब आहेत का" हे विचारत बसू नका, फिर्याद ठाणे अंमलदार घेतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची असते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) प्रमाणे. "हद्द आमची नाही" हे उत्तर आलं तर त्याच कलमाखाली हद्दीबाहेरची फिर्यादही घ्यावी लागते, शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवतात. तरीही नाहीच म्हणाले तर तीच फिर्याद पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, १७३(४) चा उल्लेख करून. अनुभव असा की अधीक्षकांचं नाव कागदावर दिसलं की खालीच काम होतं.

भांडू मात्र नका. अंमलदाराला दिवसभरात असे दहा जण भेटलेले असतात. कलमं तोंडावर फेकली की माणूस अडून बसतो. कागद पुढे सरकवा आणि बसून राहा.

---

मुंगूस

आता पळून गेलं तर दहा वर्षं शिक्षा आहे ना? मग पोलीस एवढे थंड का?

---

बाराखडी

@मुंगूस, ते न्याय संहितेचं १०६(२). अपघातात मृत्यू झाला आणि चालक खबर न देता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, तेव्हा हे एक उपकलम बाजूला ठेवलं गेलं. इथे तर दुखापतीचंच प्रकरण आहे, त्यामुळे त्याचा संबंध नाही.

---

वळणाचा_रस्ता

घटनास्थळी परत गेला होतात का? पत्रा खरवडला म्हणजे त्याचंही काहीतरी तुटलेलं असणार. आरसा, इंडिकेटर, बंपरचा कोपरा.

---

रानजाई

हो! नवऱ्याने तेव्हाच दोन तुकडे उचलून पिशवीत ठेवलेत. एक नारिंगी प्लास्टिकचा, एक काळा, आरशाच्या खोळीसारखा. ते कामाचे आहेत का? मी फेकायलाच निघाले होते.

---

ओळंबा

अजिबात फेकू नका. मी विम्याच्या सर्व्हेचं, म्हणजे गाडीचं नुकसान तपासायचं काम उभं आयुष्य केलं, आता निवृत्त आहे. अशा प्रकरणांत अर्धवट नंबरापेक्षा कधीकधी तुकडा जास्त बोलतो.

तुकडा उलटा करून आतल्या बाजूला बघा. उठावदार अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा "एलएच" किंवा "आरएच" असतं, म्हणजे डावी की उजवी बाजू. तो तुमच्या डावीकडून गेला, म्हणजे त्याची उजवी बाजू घासली. तुकड्यावर "आरएच" निघालं तर तुमची हकीकत त्याच्याशी जुळते. पार्ट नंबरावरून कोणत्या मॉडेलचा भाग हे सुट्या भागांच्या दुकानातला मुलगाही सांगतो. मॉडेल, रंग आणि शेवटचे दोन आकडे एकत्र आले की गठ्ठा बराच लहान होतो.

दुसरं म्हणजे तुमच्या दारावर त्याचा रंग लागला असेल. गाडी धुऊ नका, घासू नका. तिरप्या उजेडात जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे हेही त्यात यायला हवं. पिकअपच्या बंपरची उंची आणि तुमच्या ओरखड्याची उंची जुळणं हा पुरावाच आहे.

तुकडे पोलिसांकडे नुसते टेबलावर ठेवून येऊ नका. स्थळ पंचनाम्यात किंवा जप्ती पंचनाम्यात त्यांचं वर्णन यायला हवं. नाहीतर पिशवी कपाटात जाते आणि कपाटातच राहते.

---

वळणाचा_रस्ता

+१. आणि टोलनाका मागेच होता म्हणालात ना? तो पिकअपही बहुतेक त्याच नाक्यातून आला असेल. तुमच्या फास्टॅगच्या एसएमएसवर तुमची नाका ओलांडल्याची वेळ आहे. त्याच्या आगेमागे नाका ओलांडलेले पिकअप, ज्यांचे शेवटचे दोन आकडे जुळतात, ते मोजकेच असणार. नाकेवाले ही यादी तुम्हाला देणार नाहीत, पोलिसांचं पत्र लागतं. पण अशी विनंती फिर्यादीतच लिहा, म्हणजे तपास अधिकाऱ्याला वेगळं सुचवावं लागत नाही.

रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपाला, ढाब्याला आजच जाऊन सांगा की फुटेज पुसू देऊ नका. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी) भरला की जुनं आपोआप उडतं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. तपास रेंगाळला की पहिला बळी फुटेजचा.

---

तिरफळ

फुटेज मिळालं तर सरळ ग्रुपवर टाका ना. तासाभरात नंबरासकट मालक सापडतो. पोलिसांपेक्षा व्हॉट्सॅप जोरात आहे.

---

बाराखडी

नको, हात जोडते. दोनच आकडे आहेत, पिकअप पांढरा. असे शेकडो असतील. कुणा भलत्याच माणसाचा टेम्पो चौकात अडवला गेला आणि त्याला मारहाण झाली तर तुम्ही फिर्यादी राहत नाही, आरोपी होता.

शिवाय पुरावा म्हणून फुटेजला प्रमाणपत्र लागतं. पूर्वीचं ६५ब, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३. त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहायची असते. ग्रुपमधून फिरून, दाबून, कापून आलेल्या क्लिपची हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही. मोबाइलवर पडद्याचं चित्रण करून ठेवा, ते वाट दाखवायला पुरेसं. मूळ फाइल पोलिसांना घेऊ द्या.

गाडी खरोखर सापडली आणि मालक म्हणाला "मी चालवत नव्हतो", तरी तो सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता हे पोलिसांनी विचारलं की सांगणं मालकावर बंधनकारक आहे.

---

टाके_घालणारा

माझा मुद्दा दवाखान्याबद्दल. अपघात विभागात काम करतो म्हणून सांगतो. रानजाई, केसपेपरवर काय लिहिलंय ते आत्ता उघडून वाचा.

रोज बघतो. माणूस रस्त्यावर ठोकरला गेलेला असतो आणि सोबतचे नातेवाईक सांगतात, "बाथरूममध्ये घसरून पडल्या." कारण काय, तर पोलिसांची भानगड नको. आम्ही सांगितलं ते लिहितो. मग दोन महिन्यांनी तेच नातेवाईक येतात, "डॉक्टर, जरा अपघात असं करून द्या." नाही करता येत. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद त्या वेळचीच असते. पहिल्या कागदावर "रस्ता अपघात, अज्ञात वाहन" नसेल तर पुढचा प्रत्येक कागद लंगडा.

तुमच्या कागदावर ते असेल तर उत्तम. नसेल तर लगेच त्या डॉक्टरांना भेटा. पुढच्या भेटीच्या कागदावर रुग्णाने सांगितलेली हकीकत तारखेसह लिहून मागा. जुन्यात खाडाखोड मात्र मागू नका, कुणी करणार नाही आणि करूही नये.

एक्स-रेची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही जपा. आणि आजींची बोटं सुजली, निळसर झाली, मुंग्या येऊ लागल्या तर फोरम वाचत बसू नका, प्लास्टर घट्ट झालेलं असू शकतं, लगेच दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. पळून गेलेल्या वाहनाचा अपघातही त्यात येतो. पण पोलिसांची पुष्टी लागते. म्हणजे पुन्हा तुमचा तोच कागद.

---

रानजाई

@टाके_घालणारा, वाचलं. "आरटीए, फोर व्हीलर, अननोन व्हेइकल" असं आहे, खाली एमएलसी नंबर आहे. हुश्श. बोटं ठीक आहेत.

आता गाडीचं सांगा कुणीतरी. गॅरेजवाला म्हणतो आजच खोलतो.

---

ओळंबा

खोलू देऊ नका. क्रम असा: आधी विमा कंपनीला कळवा, दाव्याचा क्रमांक घ्या, सर्व्हेयर बघून जाऊ दे, मग पाना लावायचा. आधी दुरुस्त केलेल्या गाडीचा सर्व्हे मी काय डोंबल करणार!

तुमची पॉलिसी सर्वसमावेशक आहे की नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची), हे पहिलं बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या पत्र्याचा एक रुपया मिळत नाही. सर्वसमावेशक असेल तर समोरचा कोण हे कळायची गरज नाही, तुमचं नुकसान तुमची कंपनी देते.

पण दावा करावा का, हा वेगळा हिशोब. आपल्याकडे चूक कुणाचीही असो, स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला की एनसीबी (दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत) शून्यावर येतो. समजा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १२,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के एनसीबीवर आहात. पुढच्या वर्षी सवलत शून्य, म्हणजे ६,००० गेले. त्यानंतर २०, २५, ३५, ४५ अशी चढत सवलत पुन्हा ५० वर यायला वर्षं लागतात. त्या वर्षांतली तूट ३,६००, ३,०००, १,८००, ६००. सगळी मिळून १५,०००. प्रीमियम दरवर्षी थोडा बदलतो, पण अंदाज हाच. त्यात सक्तीची वजावट, १,५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच मिळतात. म्हणजे बिल पंधरा-सतरा हजारांच्या आत असेल तर खिशातून भरलेलं बरं. तुमचा दरवाजा, पत्रा आणि दुभाजकाची बाजू बघता बिल त्याच्या बरंच वर जाईल, तेव्हा दावा कराच. एनसीबी प्रोटेक्ट (दावा केला तरी सवलत टिकवणारं कवच) घेतलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

दाव्याच्या फॉर्मवर घटनेचं वर्णन फिर्यादीतल्यासारखंच लिहा, शब्दाला शब्द. गॅरेजवाला "खांबाला लागली लिहा, लवकर होतं" म्हणेल. ऐकू नका. एका कागदावर खांब आणि दुसऱ्यावर पिकअप असं निघालं तर गाडीचा दावा तर अडकतोच, आजींचाही अडकेल.

---

मुंगूस

ओळंबाकाका, हे गणित कुणी एजंटाने आजवर सांगितलं नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

बाराखडी

आता सासूबाईंच्या पैशांबद्दल, जे मला मुळात लिहायचं होतं.

वाहनाचा पत्ता लागला नाही तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली भरपाई आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे, त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. हाड मोडलं की गंभीर दुखापत, म्हणजे सासूबाई त्यात बसतात. गाडीच्या नुकसानीला ही योजना लागू नाही.

अर्ज जिथे अपघात झाला त्या तालुक्याच्या महसूल कार्यालयात करायचा. प्रांत किंवा तहसीलदार दर्जाचा अधिकारी "दावा चौकशी अधिकारी" असतो. त्याने महिन्याभरात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, त्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची. वकील लागत नाही, कोर्टाची पायरी नाही. एफआयआर, दवाखान्याचे कागद, ओळखपत्र, बँक पासबुक एवढं जोडायचं.

आणि तरी कुणी जात नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले आकडे बघा: २०२२ मध्ये देशात ६७,३८७ असे अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ मध्ये योजनेत अर्ज आले फक्त २०५. म्हणून १२ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने सांगितलं की महिन्याभरात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनीच जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची. तुमच्या ठाण्यातून असं पत्र आलं नाही तर तपास अधिकाऱ्याला या निकालाची तारीख सांगून आठवण करून द्या.

"जीव वाचला ना, सोडून द्या" म्हणणाऱ्यांना एवढं विचारा की पन्नास हजार कुणाला सोडून देताय?

---

तिरफळ

मान्य, हे माहीत नव्हतं. पण ५० हजारांसाठी तहसीलच्या चकरा? तुमचे तहसीलदार कुठले हो, आमच्याकडे उताऱ्यालाही खेटे घालावे लागतात.

---

वळणाचा_रस्ता

@तिरफळ, खेटे लागतीलच. पण हे खेटे ज्या पैशासाठी आहेत ते तरी ठरलेले आहेत. तो पिकअप शोधण्याच्या खेट्यांना अंत नाही.

रानजाई, अपघात बघणारं कुणी थांबलं होतं का?

---

रानजाई

एक दुचाकीवाला थांबला, त्याच्या मदतीने सासूबाईंना बाहेर काढलं. नंबर दिलाय त्याने, पण "पोलिसात नाव नको" म्हणाला.

---

बाराखडी

त्याला सांगा की मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगणं त्याच्या इच्छेवर आहे. स्वतःहून साक्ष द्यायला तयार असेल तर जबाब एकदाच घ्यायचा असतो, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. गळ घालू नका. पण जबाब दिला तर दावा पक्का होतो, हे त्याच्या कानावर घाला.

---

रानजाई

आज गेलो होतो. दुसरे अंमलदार होते, कागद वाचून गुन्हा नोंदवला, अज्ञात चालकाविरुद्ध. नारिंगी तुकड्यावर "आरएच" आहे! ओळंबाकाका, तुम्हाला साष्टांग नमस्कार. पंचनाम्याला उद्या येतो म्हणालेत. सर्व्हेयर परवा.

---

ओळंबा

उत्तम. पंचनाम्याला गाडी जागेवर नसली तरी चालेल, पण जागा नवऱ्याने स्वतः उभं राहून दाखवावी. दुभाजकावर तुमच्या गाडीचा रंग लागलेला असेल, तोही दाखवा.

---

मुंगूस

एक शंका. योजनेतून ५० हजार घेतले आणि सहा महिन्यांनी पिकअप सापडला तर? मग दावा गेला का?

---

बाराखडी

नाही जात. वाहन सापडलं की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली पूर्ण नुकसानभरपाई मागता येते. उपचार, बुडालेली कमाई, वेदना, कायमचं अपंगत्व राहिलं तर तेही. तिथे पैसे मिळाले की योजनेतली रक्कम परत करावी लागते किंवा वळती होते, कलम १६३. योजनेच्या अर्जासोबत तशी हमीही लिहून द्यावी लागते, त्याला घाबरू नका.

न्यायाधिकरणाचा अर्ज अपघाताच्या जिल्ह्यातच करायला हवा असं नाही, तुम्ही राहता तिथेही चालतो. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने. या मुदतीला न्यायालयात आव्हानं दिली गेली आहेत, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. पाच महिने झाले आणि तपास चालूच असेल तर एकदा वकिलाला भेटून या.

महाराष्ट्रात तपास थांबवताना पोलीस "अ समरी" पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ती मंजूर झाली की तिची प्रत मागून घ्या.

आणि रानजाई, योजनेतल्या अर्जदार सासूबाई, तुम्ही नाही. सही त्यांची, खातं त्यांचं. पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा पासबुकावरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव एकच आहे ना ते बघा. एकीकडे सुमन आणि दुसरीकडे सुमनबाई असलं की फाइल तिथेच थांबते. मूळ कागद फक्त दाखवायचे, द्यायच्या त्या प्रती, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.